पातळकाकांनी संपवलेला दगड

थोरल्या मुलीला जुळी झाली, त्याच वर्षी पातळकाकांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. काका देहाने चांगले ऐसपैस. नाव पडलं ते कामावरून. दगड तपासायच्या प्रयोगशाळेत दगडाचा काप काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि तो घासून घासून केसाहून पातळ करायचा, हे काम ते एकतीस वर्षं करत होते. एवढा पातळ झाला की दगडातूनही उजेड आरपार जातो.

थांबायचं कधी, ते सूक्ष्मदर्शक सांगे. त्यात पट्टीच्या खाली एकाच दिशेने डुलणारा उजेड सोडणारी गाळणीची काच आणि वर तशीच दुसरी. एक उभी, एक आडवी लावली की उजेड बंद, सगळा अंधार. मधे दगड ठेवला की त्यातले स्फटिक मात्र रंगांनी उजळत. गारगोटीचा कण पिवळा दिसला तर अजून घासा. फिकट राखाडी झाला की हात आवरा. काहीच उजळलं नाही, तर घासता घासता दगडच संपला असं समजा. काकांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

ऑपरेशनला दहा दिवस होतात न होतात तोच साहेबांचा निरोप आला : नजर शाबूत असेल तर या, नसेल तर घरी बसा. काका लगेच निघाले. काकूंनी भाच्याने आणलेला भारीतला काळा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला.

"पंधरा दिवस हा काढायचा नाही. डॉक्टरांनी बजावलंय."

"अगं, पण आत ऊन कुठाय?"

"माझी शपथ आहे!"

प्रयोगशाळेतल्या बाईंनी बोराएवढा दगड हातात दिला. "काका, फार खोलातून काढलाय. एवढाच आहे. संध्याकाळी साहेबांना दाखवायचाय."

चष्म्यातून सगळं सावलीतच दिसत होतं, पण हाताला सवय होती. काकांनी अर्धा दगड कापला, चिकटवला, घासला आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला. काळंकुट्ट! त्यांनी पट्टी ठेवायची चकती फिरवली. एका फेऱ्यात प्रत्येक कण चारदा विझतो आणि चारदा पेटतो. इथे एकदाही काही पेटलं नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दगड संपवला! पट्टी त्यांनी गुपचूप टोपलीत टाकली.

उरलेल्या अर्ध्याची दुसरी पट्टी केली. या वेळी घाबरून लवकरच थांबले. तरी अंधार! एवढा जाड दगड काळा दिसणं शक्यच नव्हतं. म्हणजे यंत्र बिघडलं. काकांनी दिवा बदलला, बोट भाजून घेतलं, बूड उघडलं. एक स्क्रू कपाटाखाली पळाला. काका त्याच्यामागे रांगत असताना बाई आल्या आणि नळीतून डोकावल्या.

"काय सुरेख रंग आलेत! जरा जाड आहे, इतकंच."

काकांनी उठून पाहिलं. अंधार. यंत्र ठीक, दगड ठीक. मग उरलं काय? त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, माझा डोळा गेला."

"अगंबाई! कुठला?"

"दोन्ही!"

"मग नंबर कसा फिरवलात?"

अर्ध्या तासात काकू हजर झाल्या. आरडाओरडा ऐकून साहेबही आले. काका म्हणाले, "साहेब, मी घरी बसतो." आणि इतक्या वर्षांच्या सोबत्याचा निरोप घ्यावा म्हणून त्यांनी मान कलती करून नळीला गाल टेकवला आणि तसंच एकदा आत पाहिलं. डोळ्यासमोर रंगच रंग फुलले.

"दिसलं!" ते ताठ झाले. "गेलं!" पुन्हा कलले. "दिसलं!"

"यांना झटका आलाय, धरा यांना!" साहेब ओरडले.

बाई मात्र हसत सुटल्या. त्यांनी काकांचा चष्मा उतरवला. "काका, गाळण्या दोनच पुरतात. तुम्ही तिसरी नाकावर लावून आलात! हा चष्मा उभा डुलणारा उजेडच आत सोडतो, आणि नळीतून येतो तो आडवा. मान वाकडी केली की वाट मोकळी."

"पण एकदा काढून का नाही पाहिलंत?" साहेबांनी विचारलं.

"हिची शपथ. डॉक्टरांनी बजावलं होतं."

काकू छताकडे बघू लागल्या. "डॉक्टर फक्त उन्हात घाला म्हणाले होते. मीच जरा वाढवून सांगितलं. म्हटलं, नीट दिसलं नाही तर कंटाळून परत येतील. चार दिवस आराम तरी होईल."

काकांनी टोपली उपडी केली, पहिली पट्टी शोधून पुसली आणि नळीखाली ठेवली. कडेपासून कडेपर्यंत फिकट राखाडी, कुठे जाड नाही, कुठे विरळ नाही. साहेब बराच वेळ पाहत राहिले.

"घरीबिरी बसायचं नाही, काका."

"ते हिला सांगा."

काकूंनी त्यांना आणखी सहा वर्षं जाऊ दिलं. काळा चष्मा त्या स्वतःच वापरू लागल्या. जुळ्यांची शाळा संपली त्या वर्षी, निकालानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी, पातळकाका झोपेतच वारले. काकू चार वर्षांनी गेल्या.