धंतोलीतल्या एका संडासाचे परराष्ट्र धोरण

प्रश्न सोडवणं कोणालाही जमतं. प्रश्नाशी दीर्घकाळ सौहार्दाचे संबंध राखायचे असतील, तर माणूस परराष्ट्र सेवेतलाच लागतो. माजी राजदूत गणपतराव टेंभरे असे आहेत आणि ते आपल्या नागपूरचे आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

गणपतरावांनी चार खंडांत देशाची सेवा केली. एका देशात ते असताना सत्तापालट झाला, तर जुन्या आणि नव्या दोन्ही सरकारांना ते आपलेच वाटले (तिसऱ्यालाही वाटले असते, पण बदली झाली). निवृत्तीनंतर ते एका नातेवाइकाला बघायला धंतोलीतल्या दवाखान्यात गेले. तिथे त्यांना दिसलं, की विदर्भभरातून पेशंटसोबत आलेल्या बाया फुटपाथवर बसून असतात आणि त्यांना जायला संडास नाही. आतला फक्त पेशंटसाठी. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत, तेही नागपूरच्या मे महिन्यात. गणपतराव मनापासून हळहळले आणि सामाजिक उद्योजक झाले. (समाजसेवक हा शब्द आता फक्त फ्लेक्सवर उरलाय.)

सदर भागात संस्थेचं ऑफिस झालं आणि त्रिपक्षीय वाटाघाटी सुरू झाल्या. बंगलेवाले म्हणाले, उपक्रम स्तुत्य आहे, पण संडासाचं दार आमच्याकडे नको. दवाखाना म्हणाला, दार आमच्या गेटकडे नको. चहापानाच्या अनेक फेऱ्यांनंतर दार विजेच्या डीपीकडे करण्यावर एकमत झालं, कारण डीपीने आक्षेप नोंदवला नव्हता.

आणि संडास खरंच बांधला गेला, हे मुद्दाम सांगतो. फरशी, नळाला पाणी, आरसासुद्धा. अडचण फक्त शिष्टाचाराची होती. देणगी परदेशी, त्यामुळे उद्घाटनाला तिकडचे वाणिज्यदूत येणार. मग इकडून त्यांच्या तोलामोलाचं कोण, यावर पत्रव्यवहार चालू होता. पाहुण्यांच्या आधी आत भलतंच कोणी जाऊन आलं, तर तो त्या देशाचा अवमान ठरतो. म्हणून कुलूप आणि त्यावर रिबीन. रिबीन उन्हाने विटली की बदलतात. सध्या हे शहरातलं सर्वांत स्वच्छ स्वच्छतागृह आहे. तक्रारींचं प्रमाण शून्य टक्के.

अशा सुरळीत कारभारात आर्वीकडच्या प्रयागबाई आल्या. नवरा चंपतराव आत ऑपरेशनला, त्या बाहेर. दुपारी त्या कुलपासमोर उभ्या राहिल्या. तिथे संस्थेची समन्वयक रितिका रिबीन बदलत होती.

"पोरी, कुलूप काढ ना वं. सकाळपासून दाबून बसून राहिली मी."

"काकू, अजून उद्घाटन व्हायचंय."

"मले फोटो नाही काढाचा. काहून अडवून राहिली?"

रितिकाचा चेहरा उतरला. किल्ली तिच्याकडे नव्हती. तिने सरांना फोन केला आणि सर लगेच आले. (ते कोणालाही ताटकळत ठेवत नाहीत.) हात जोडून ते म्हणाले, "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. या विषयावर चर्चेची दारं कायम उघडी आहेत."

"चर्चा नाही, साहेब. मले जा लागते."

गणपतरावांनी या भूमिकेची नोंद घेतली आणि सद्भावना म्हणून प्रयागबाईंना थंड पाण्याची बाटली भेट दिली.

प्रयागबाईंनी बाटली घेतली नाही. त्या गल्लीतल्या बंगल्यांच्या बेल वाजवत गेल्या. कुठे कुत्रं आलं, कुठे कोणीच आलं नाही. एका ठिकाणी आतूनच कॅमेऱ्यात बघून कोणी म्हणालं, "समोर तुमच्यासाठीच बांधलाय ना, तिकडे जा." त्यानंतर त्या उन्हात चक्कर येऊन पडल्या. लघवीच्या त्रासाने ताप भरला, ॲडमिट केलं. पेशंट झाल्यामुळे आतला संडास त्यांना रीतसर वापरता आला आणि अशा रीतीने त्यांचा प्रश्न मार्गी लागला. संस्थेच्या अहवालात त्या पहिल्या लाभार्थी आहेत.

गणपतरावांना हसायला तुम्ही मोकळे आहात, मीही हसलो. त्यांच्याकडे निदान वाणिज्यदूतांचं कारण होतं. तुमच्या घरात दोन संडास आहेत, आणि बेल वाजली तेव्हा दोन्ही रिकामे होते.