महाराजांच्या मोटारीचा मागचा आस आणि नवे ब्रेक

श्रीकुलस्वामिनी, श्रीविश्वकर्मा आणि हुजुरांची मर्जी, या तिन्ही ठायी दंडवत घालून लेखणी उचलिली आहे. शके अठराशे छप्पन्न, भावनाम संवत्सर, आश्विन मास. ते साली राज्यात जे घडले ते घडले तैसे लिहिले. कोणास झोंबेल त्याने थंड पाणी प्यावे.

महाराजांस मोटारीचा बहुत शौक. तयार मोटार कोणीही सावकार घेतो, म्हणोन हुजुरांनी विलायतेहून सुटे भाग सतरा पेट्यांत भरोन आणविले, आणि धाकोजी मिस्त्री याने ते एकास एक जोडून मोटार उभी केली. मग ब्राह्मण बोलावून मोटारीच्या बैठकीवर अभिषेक जाहला, आणि त्या दिवसापासोन ती बैठक म्हणजे सिंहासन, तीवर महाराजांखेरीज कोणी बसू नये, ऐसा हुकूम सुटला. पुढे महाराजांस वेग कमी वाटो लागला, म्हणोन दुप्पट ताकदीचे इंजिन बसविले. दरबारी म्हणाले, वाहवा. धाकोजी एकटा वाकोन चाके पाहो लागला, कारण इंजिन नवे आणि मागच्या चाकांचा आस जुना, ब्रेक त्याहून जुने. मोटार धावेल खरी, पण थांबावयाची कशी हे कोणी पुसेना. दसऱ्यास महाराज स्वतः मोटार हाकीत किल्ल्याचा घाट उतरून सीमोल्लंघनास जाणार होते, आणि घाट जेथे संपतो तेथे डावीकडे वळण, आणि वळणावर समोरासमोर धाकोजीचे घर. घरात सून सगुणा बाळंतीण, नातू अकरा दिवसांचा. त्यास राज्याची चिंता नव्हती ऐसे नव्हे, परंतु खरे सांगावे तर आधी घराची होती.

मग तो अंताजीपंत दिवाणांकडे गेला आणि म्हणाला, "पंत, मागचा आस बदलायला हवा, अन् तेलाच्या दाबावरचे नवे ब्रेक घालायला हवेत. नाहीतर गाडी घाटात आवरायची नाही."

पंत म्हणाले, "महाराजांस आवरायचे, ऐसे तुझ्या तोंडून आले काय?"

"महाराजांना नव्हे, गाडीला."

"गाडीत महाराजच ना बसतात?"

याप्रमाणे आठ दिवस गेले. परंतु एके दिवशी मोटार वाड्याचे आवारात तुळशीवृंदावनास जाऊन भिडली, तेव्हां राणीसाहेब कोपल्या आणि परवानगी मिळाली. धाकोजीने जुना आस उतरविला, नवा जाडजूड आस चढविला, चाकांस नवे ब्रेक जोडिले, नळ्या घातल्या, तेल भरिले. आता एकच काम उरले. नळ्यांत हवा शिरलेली असते, ती काढावी लागते; त्यासी दोन माणसे पाहिजेत. एकाने बैठकीवर बसोन ब्रेकचा पायटा दाबून धरावा, दुसऱ्याने खाली निजोन चाकामागील नट सैल करावा, हवा फसफसून गेली की नट आवळावा, मगच वरच्याने पाय सोडावा. पाय आधी सुटला तर हवा परत आत. आणि बैठकीवर तर महाराजांवाचोन कोणी बसू नये.

महाराज आनंदाने येऊन बसले. धाकोजी खालून म्हणाला, "दाबा." तत्क्षणी चोपदाराने त्याचे तंगडे धरोन बाहेर ओढिले. पंत म्हणाले, "हुजुरांस हुकूम करितोस? जीभ नकोशी झाली काय?" मग दिवाणांनी रीत बांधून दिली. मिस्त्रीने चोपदारास सांगावे, चोपदाराने दिवाणांस, दिवाणांनी तीन मुजरे करोन अर्ज करावा की, श्रीचरण अंमळ खाली नेण्याची कृपा व्हावी. आणि ऐसे चालले. खाली धाकोजी नट सैल करी आणि म्हणे, "धरून ठेवायला सांगा," आणि तो अर्ज तीन मुजऱ्यांनिशी वर पोचेतो महाराज कंटाळोन पाय उचलीत, आणि हवा सुर्रकन आत जाई. तीन दिवस हेच. तेलाचे डबे सरले, आणि पायटा चिखलात पाय रुतावा तैसा तळास जाई. चौथे दिवशी पंतांनी दरबारात जाहीर केले की, विधी यथासांग पार पडला, ब्रेक सिद्ध आहेत.

दसरा दुसरे दिवशी. धाकोजीस अन्न गोड लागेना. सून म्हणाली, "मामंजी, आम्ही माहेरी जाऊ का?" तो म्हणाला, "बाळंतिणीनं एवढ्यात हलू नये. मी बघतो." आणि दुपारी पंत भोजनोत्तर लवंडले असतां त्याने महाराजांस विनविले, "सरकार, एकवार अजून बसावं." चोपदार पेंगत होता. धाकोजी खाली शिरला आणि मनाशी म्हणाला, जीभ कापतील तर कापोत, आणि ओरडला, "दाबा. धरा."

महाराजांनी दाबिले आणि धरिले.

"आता सोडा. पुन्हा दाबा. कोणी सांगितलं सोडायला? धरा म्हणतो ना!"

"चुकलं," महाराज म्हणाले. बावीस वर्षे गादीवर बसोन आपणांस काय करावे हे कोणी सरळ सांगितले नव्हते, आणि हुजुरांस ते बहुत बरे वाटले. चारही चाके जाहली, हवा गेली, आणि पायटा दगडासारखा घट्ट उभा राहिला. धाकोजी खालीच निजोन रडला.

दसऱ्यास स्वारी निघाली. इंजिन गर्जत घाट उतरले, वळणावर महाराजांस वेग आवरेना, मग त्यांनी पाय दाबिला आणि धरिला, आणि मोटार सरळ जाऊन धाकोजीच्या ओट्यापासोन दोन हातांवर उभी राहिली. ओट्यावर सगुणा लेकरू पोटाशी धरोन बसली होती, ती बसलीच राहिली. धाकोजी घरातून धावत मोटारीपाशी आला.

मागोन पंत घोड्यावरोन आले आणि पाहोन म्हणाले, "हे घर स्वारीच्या वाटेत आडवे उभे राहिले, बाजूस झाले नाही, मुजराही केला नाही. आठ दिवसांत पाडावे." आणि तेथेच कागद काढोन पुढे धरिला. महाराजांनी घराकडे पाहिले, धाकोजीकडे पाहिले, मग पंतांनी दौत पुढे केली आणि महाराजांनी सही केली.

धाकोजी म्हणाला, "सरकार, ब्रेक लागले नसते तर घर तुम्हीच पाडलं असतं. लागले, तरी तुम्हीच पाडताय. मग मी गाडीखाली कशाला शिरलो?"

यास कोणी उत्तर दिले नाही, कारण तो प्रश्न रीतीने चोपदारामार्फत आला नव्हता.

येणेप्रमाणे मजकूर. आस उत्तम बसला, ब्रेक उत्तम लागले, दिवाणांस शालजोडी मिळाली. वळणावर आता मोकळे मैदान आहे.