गुरुप्रसादचा बोलका पट्टा

गेल्या वर्षी बायकोने, म्हणजे चित्राने, मंडळाच्या फराळ स्पर्धेसाठी केलेले चिरोटे गुरुप्रसादने इथल्या मेट्रोच्या, एमआरटीच्या, गर्दीतून छातीशी धरून नेले होते. हॉलवर डबा उघडला, तेव्हा परीक्षकांनी ते चिवडा समजून चमच्याने खाल्ले आणि तिखट कमी म्हणून दोन मार्क कापले. चित्रा चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. (पाचव्या दिवशी बोलली, तेव्हा अबोलाच बरा होता असे त्याला वाटले.)

यंदा ती तयारीसाठी सकाळीच हॉलवर जाणार होती. डबा मी आणतो, असे गुरुप्रसादने आपणहून सांगितले.

"टॅक्सीने ये," चित्रा म्हणाली.

"प्रश्न टॅक्सीचा नाही. तत्त्वाचा आहे."

तुआसच्या गोदीत जहाजे न आपटता धक्क्याला लावणे हे त्याचे काम. जहाजाला जमते ते माणसाला का जमू नये? त्याने कमरेचा एक पट्टा बनवला. चार सेन्सर, एक स्पीकर. वीतभर अंतरात कोणी आले की पट्टा बोलणार. इंग्रजीत 'दूर सरका' म्हटले तर माणसे दुखावतात. मराठीत म्हटले तर शब्द कळणार नाही, नुसती जरब पोचेल, हा त्याचा सिद्धांत. त्याने आवाज कमावून एकच शब्द रेकॉर्ड केला: "जागा."

"बाबा, हा वर्ड इकडे कॅनॉट, लाह," त्याची मुलगी ऋता म्हणाली.

"मातृभाषेची लाज वाटते?" असे विचारून त्याने तिला पंधरा मिनिटे मराठीचे वैभव ऐकवले. ती काय सांगत होती ते राहूनच गेले.

शनिवारी दुपारी तो क्वीन्सटाउनला गाडीत चढला. पुढच्या स्टेशनांवर गर्दी वाढली. "जागा. जागा," पट्टा बोलला, आणि खरोखरच लोक दोन पावले मागे सरले. गुरुप्रसाद मनातून फुलून गेला.

तेवढ्यात एक मलय मावशी पुढे आल्या. "यू जागा, आह? गुड, गुड." त्यांनी तीन फुगलेल्या पिशव्या त्याच्या पायाशी कमरेपर्यंत रचल्या आणि लांबच्या सीटवर जाऊन डोळे मिटले. पिशव्या वीतभर अंतरात होत्या, त्यामुळे पट्टा आता थांबेना. ते ऐकून पुलाउ उबीन बेटावर निघालेल्या एकाने आपली घडीची सायकल आणून टेकवली. कोणी बाबागाडी लावली. बंद करायचे बटण पाठीमागे होते (डिझाइन त्याचेच) आणि दोन्ही हातांत डबा.

बेडोक आले. हॉल इथेच. पण परक्याने विश्वासाने ठेवलेले सामान टाकून उतरणे त्याच्या रक्तात नव्हते. दार बंद झाले. डबा कसाबसा काखेत धरून त्याने ऋताला फोन लावला.

"टोल्ड यू, बाबा. मलयमध्ये जागा म्हणजे राखण. इकडे वॉचमनला पण जागाच म्हणतात, लाह."

सायकलवाला आणि बाबागाडीवाली वाटेत उतरले. मावशी थेट पासिर रिसला, शेवटच्या स्टेशनवर जाग्या झाल्या. पिशव्या उघडून आतले सगळे तपासले, मग "थँक्यू, जागा" म्हणून निघून गेल्या. त्याने आधी पट्टा उपटला आणि उलटी गाडी पकडली.

तो हॉलवर पोचला तेव्हा बक्षिसे वाटून झाली होती. चित्राने डबा उघडला. एकवीस चिरोटे, एकाचाही पदर हललेला नव्हता. तिने एक उचलून पाहिला आणि परत ठेवला. गुरुप्रसादला इतके वाईट वाटले की तत्त्वही आठवेना.

"सांभाळलेस मात्र छान," ती म्हणाली आणि जेवणाच्या पंगतीकडे गेली.

तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला. मंडळाच्या अरुणाताई हात धुवायला चालल्या होत्या. जाता जाता त्यांनी आपली पर्स त्याच्या मांडीवर ठेवली. "आलेच हं." मागच्या तिघींनीही ठेवल्या.

पट्टा खिशात होता, आणि बंद होता.