शिंप्याच्या दुकानापर्यंत

माहीतरावांचं खरं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात त्यांना सगळे माहीतरावच म्हणत. कुणी काही सांगायला तोंड उघडलं, की हे मान डोलवून म्हणायचे, "माहीत आहे." ते टोपणनाव घरी पोचलं तेव्हा बायकोला राग आला नाही. (इतक्या वर्षांत हे आपल्यालाच कसं सुचलं नाही, याचं तिला वाईट वाटलं.)

तर या बायकोला, पंधरा वर्षं घर सांभाळल्यावर, एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर नोकरी लागली. पुढच्या सोमवारी बरोबर नऊला हजर व्हायचं होतं.

"दोन बस बदलाव्या लागतील," ती म्हणाली. "सातलाच निघेन."

"बस कशाला? मी सोडीन की."

"कशावर?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून माहीतरावांनी मोटारसायकल घेतली.

मोटारसायकल एका रिटायर्ड ड्रॉइंग मास्तरांची होती. बारा वर्षं वापरलेली, पण लेकीसारखी जपलेली. लेक सासरी धाडताना द्याव्यात तशा सूचना मास्तर अर्धा तास देत होते. माहीतराव गाडीवर बसून आरशात आपला चेहरा आधी डावीकडून, मग उजवीकडून बघत होते आणि मधूनमधून "माहीत आहे" म्हणत होते. बायको पर्स पोटाशी धरून मास्तरांचं ऐकत होती.

लायसन्स होतं हं! तरुणपणी मित्राच्या नादाने काढलं होतं आणि मुदत संपली की न चुकता वाढवलंही होतं. गाडी तेवढी कधी चालवली नव्हती. रविवारभर त्यांनी मैदानात सराव केला आणि सोमवारी, बायकोच्या नोकरीच्या आठवडाभर आधी, गाडीवरून ऑफिसला निघाले. क्लच सुटला, गाडीने दोन उड्या मारल्या, शेजारच्या आजींनी आपली खुर्ची आत घेतली; पण मग गाडी चालायला लागली की! दुसरा गिअर पडला. वारा लागला. माहीतरावांना वाटलं, आपलं अर्धं आयुष्य उगाच बसस्टॉपवर गेलं.

शिंप्याच्या दुकानासमोर गाडी दोनदा खोकली आणि बंद पडली.

त्यांनी अकरा किका मारल्या. शिंपी गळ्यात टेप अडकवून बाहेर आला.

"काय साहेब, बंद पडली?"

"छे, छे! थांबलोय मी. पँट शिवायची होती," माहीतराव म्हणाले. आता असं म्हटल्यावर माप देणं आलं. समोर दिसलं त्या करड्या कापडावर त्यांनी बोट ठेवलं.

शिंपी आत गेल्यावर त्यांनी गाडी ढकलत मागच्या गल्लीतल्या मेकॅनिककडे नेली. मेकॅनिकने तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून टाकीखाली हात घातला, काहीतरी फिरवलं आणि एका किकमध्ये गाडी चालू केली.

"हे बंद होतं," तो दातांतून म्हणाला.

"माहीत आहे," माहीतराव म्हणाले. (गाडी बंद होती हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. यात याने नवीन काय सांगितलं?)

संध्याकाळी बायकोने विचारलं, "कशी चालते हो?"

"लोण्यासारखी!"

बायको समाधानाने उठली. जेवणं झाली की गॅस बंद, नळ बंद, खिडक्या बंद, असा तिचा रोजचा शिरस्ता होता. उघडं राहिलेलं काही दिसलं की तिला झोप लागत नसे. आता त्यात खाली जाऊन गाडीवर कव्हर घालायच्या कामाची भर पडली होती.

मंगळवारी गाडी पुन्हा शिंप्यासमोर बंद पडली. दुसरी पँट. पुन्हा मेकॅनिक, पुन्हा टाकीखाली हात, पुन्हा गाडी चालू. माहीतराव चक्रावले. गाडीला या शिंप्याचं काय वेड? रस्त्याला चढ म्हणावा, तर तो सपाट. त्यांनी बुधवारी मुद्दाम दुसरा रस्ता धरला. गाडी तेवढंच अंतर गेली आणि एका लेडीज ब्यूटी पार्लरसमोर बंद पडली. तिथे काय निमित्त सांगणार? त्यांनी ती ढकलत शिंप्याकडे आणली आणि तिसरी पँट टाकली. गुरुवारी टाकी गच्च भरून निघाले, तर चौथी पँट. आता शिंपी माप घेतच नव्हता, नुसता "तेच कापड?" विचारत होता. शुक्रवारी आणि शनिवारी त्यांनी ट्रायलवर वेळ मारून नेली.

बघता बघता रविवार आला. उद्या बायकोचा पहिला दिवस, आणि गाडी शिंप्यापुढे जात नाही! 'बसनेच जा,' असं सांगायला ते स्वयंपाकघरात गेले. ती साडीला इस्त्री करत होती.

"मी सगळ्यांना सांगितलंय," ती मान वर न करता म्हणाली, "पहिल्या दिवशी हे सोडणार आहेत म्हणून." आणि लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको लाजली, तर माणूस बसचं नाव कसं काढणार?

सोमवारी नवी पँट घालून, मागे बायकोला घेऊन ते निघाले. शिंप्याचं दुकान आलं. गाडी दोनदा खोकली.

"या साहेब!" शिंपी टेप घेऊन धावला. "आज वहिनींचं माप का?"

बायकोने घड्याळाकडे पाहिलं. पावणेनऊ. तिचा चेहरा उतरला आणि माहीतरावांचा धीर सुटला.

"अगं, ही रोज इथेच बंद पडते. मला काही म्हणजे काही कळत नाही गं!"

"नळ सोडला होतात ना?"

"कसला नळ?"

बायको खाली उतरली, वाकली आणि टाकीखालची बोटभर खुंटी फिरवली. "हा, पेट्रोलचा. मास्तर म्हणाले नव्हते का, रात्री बंद करा, सकाळी सोडा? मी कव्हर घालताना रोज बंद करते. सकाळी तुम्ही सोडताय असं मला वाटलं."

"पण बंद नळाने गाडी इथपर्यंत तरी कशी यायची?"

"आत उरलेल्या पेट्रोलवर. तेही सांगितलं होतं त्यांनी. मारा किक!"

नऊला दोन मिनिटं कमी असताना ते दवाखान्यात पोचले. बायको पदर सावरत धावत आत गेली. माहीतरावांना इतकं हलकं वाटलं, की ते गाडीला रेलून, पाय टेकवून, तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभे राहिले.

नऊ वाजून एक मिनिटाने खिडकीवर पहिला पेशंट आला.

"नाव?" बायकोने खाली मान घालूनच विचारलं. मग वर पाहिलं. "अहो, तुम्ही?"

"पोटरी भाजली गं. तो सायलेन्सर..."

"तापतो म्हणून मास्तरांनी सांगितलं होतं ना?"

"माही..." माहीतराव सवयीने म्हणाले. पोटरीतून कळ आली. "नाही. माहीत नव्हतं."

बायको पेन हातात धरून बघतच राहिली. मग खिडकीतून डोकावून तिने त्यांच्या पायाकडे पाहिलं.

"अगंबाई, एवढं भोक! आणि ही नवी कोरी पँट कधी शिवलीत?"

"तू पँटची काळजी करू नकोस," माहीतराव एका पायावर उभे राहून म्हणाले. "अशाच अजून तीन आहेत."