सृष्टीला ऑस्ट्रसाइज केल्याबद्दल आभार

रामहरीच्या मते इंग्रजी ही भाषा नव्हतीच, ती मेंढी होती! मागचा पाय धरला की अख्खी हातात! सोयगावकडच्या मेंढपाळाचं पोर शिकून छत्रपती संभाजीनगरात आलं, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर झालं, ते काय उगीच? "डिक्शनरी अडाण्याला लागते," तो सांगायचा. "आपण शब्दाचं शेवटचं टोक बघायचं. अर्थ आपोआप कळतो!"

एका सोमवारी सहावीतल्या सृष्टीच्या डायरीत मोनिका मॅडमनी इंग्रजीत एक ओळ लिहून पाठवली. वर्गातल्या काही मुली सृष्टीला 'ऑस्ट्रसाइज' करतायत, येऊन भेटा.

"अहो, काय लिहिलंय?" पोळ्या लाटता लाटता प्रांजलीनं विचारलं.

रामहरीनं शब्दाचं टोक पकडलं. "साइज! एक्झरसाइज असतं ना, तसंच हे. ऑस्ट्रेलियातला व्यायाम असणार! पोरी हिच्याकडून करून घेतायत म्हणजे हिला कॅप्टन केलेलं दिसतंय!"

"मग ती अशी का पडलीय?"

सृष्टी भिंतीकडं तोंड करून पडली होती. डबाही भरलेलाच परत आला होता.

"दमलीय! व्यायाम काय फुकट होतो व्हय?"

"तिलाच विचारा की."

"दमलेल्या माणसाला त्रास देऊ नाय," म्हणत त्यानं डायरीत ठसठशीत इंग्रजीत उत्तर लिहिलं, 'वाचून अतिशय आनंद झाला. कृपया तिला रोज ऑस्ट्रसाइज करावे.' खाली सही केली ती अशी लांबलचक, की पान संपलं म्हणून थांबली.

एवढ्यावर थांबला असता तर तो रामहरी कसला! मंगळवारी सकाळी कारखान्याच्या गेटवर उभं राहून त्यानं वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'ज्या मुलींनी आमच्या सृष्टीला ऑस्ट्रसाइज केलं त्यांचे व त्यांच्या आईवडिलांचे मनापासून आभार. आजच्या काळात दुसऱ्याच्या लेकरासाठी एवढं कोण करतं? आम्ही हे जन्मभर विसरणार नाही. आज संध्याकाळी सहाला घरी या. पेढे तयार आहेत.'

मोज्याच्या रंगावरून तीन तीन दिवस भांडणारा तो ग्रुप चिडीचूप झाला. एक अंगठा नाही, एक फूल नाही! अकरा वाजता एकच उत्तर आलं, इंद्रजीत देशमुखांचं. माणूस सहा फुटी, मिशा अशा की बोलायच्या आधी त्याच दम भरायच्या. 'सहाला येतो,' एवढंच लिहिलं होतं.

"एवढंच?" रामहरीनं शेजारच्या टेबलावरच्या राजकुमारला मोबाइल दाखवला. "पेढ्याचं नाव काढलं तरी माणूस खूश नाय?"

राजकुमारनं मेसेज वाचला. पुन्हा वाचला. मग स्वतःच्या फोनवर काहीतरी शोधलं आणि खुर्ची जरा लांब सरकवली.

"रामहरी, ऑस्ट्रसाइज म्हणजे वाळीत टाकणं."

"काय?"

"वाळीत टाकणं! कोणी बोलायचं नाय, जवळ बसवायचं नाय. आणि तू लिहिलंस, रोज करा!"

रामहरीनं मोबाइल हिसकावून घेतला. मेसेज पुसायला त्यानं बोट उचललं, पण सगळ्यांनी वाचला होता. आणि डायरी तर केव्हाच शाळेत पोचली होती! त्यानं हाफ डे टाकला आणि गाडी अशी दामटली, की मुकुंदवाडीच्या चौकात लाल दिवाही त्याला दिसला नाही.

सृष्टी शाळेतून आली होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"काय करतात गं त्या पोरी?"

नख कुरतडत ती म्हणाली, "मी वर्गात गावाकडच्या आबांवर निबंध वाचला ना. साठ मेंढरं आहेत, मी पण चारायला गेलते, असं लिहिलं. तवापासून मी गेले की तिघी नाक दाबतात. बँ बँ करतात. डबा खाताना सगळं बाक रिकामं होतं." मग हळूच म्हणाली, "वीस दिवस झाले, पप्पा."

वीस दिवस! स्टोअरमधला एक नट कमी झाला तर रामहरीला दुपारपर्यंत कळायचं.

बरोबर सहाला बेल वाजली. दारात इंद्रजीतराव, मागं आणखी दोघींचे आईवडील आणि मान खाली घातलेल्या तीन पोरी. इंद्रजीतराव आत आले तशी रामहरीनं पेढ्याचा बॉक्स छातीशी ढालीसारखा धरला.

"साहेब, तो मेसेज... माझी जरा..."

"थांबा!" इंद्रजीतरावांचा आवाज भिंतीवर आपटला. रामहरीनं डोळे मिटले. "आधी मला बोलू द्या. रामहरीराव, आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं हो! पेढे तयार आहेत म्हणे! घरात सकाळपासून कोणी जेवलं नाय. पोरीनं रडून सगळं कबूल केलं. माफी मागायला आलोय."

रामहरीनं एक डोळा उघडला.

"मेंढरावाल्यांना हसते, आणि कन्नडला गावी आमच्या शेतात खतासाठी दरसाल त्यांचीच मेंढरं बसवतो आम्ही!" इंद्रजीतरावांनी लेकीला पुढं केलं. तिघी हुंदके देत सॉरी म्हणाल्या. सृष्टी नुसती मानेनंच व्हय म्हणाली, आणि चौघी आतल्या खोलीत जाऊन चार कोपऱ्यांत बसल्या.

"टोमणा मारावा तो तुम्हीच!" दुसरे पालक म्हणाले. "मोनिका मॅडमनी डायरीतलं उत्तर हेडबाईंना दाखवलं. शनिवारी पालकसभेत तुमचं भाषण ठेवायचं म्हणतात. इंग्रजीतून!"

"पाणी आणतो," म्हणत रामहरी स्वयंपाकघरात पळाला. मागोमाग सृष्टी आली.

"पप्पा, तुम्ही मुद्दाम लिहिलं ना ते? तुम्हाला अर्थ माहीत होता ना?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याकडं अशा अभिमानानं बघत होतं. व्हय म्हटलं असतं तर खपलं असतं. पण ते वीस दिवस त्याला खोटं बोलू देईनात.

"नाय गं," तो पुटपुटला. "मला वाटलं, ऑस्ट्रेलियातला व्यायाम असल."

सृष्टीचं तोंड उघडंच राहिलं. त्याच्या हातातला पेढ्याचा बॉक्स घेऊन ती आत पळाली. आणि मिनिटभरात आतून चार पोरींच्या हसण्याचा असा भडका उडाला की बाहेरचे पालक दचकले.

"काय झालं हो एवढं हसायला?" इंद्रजीतरावांनी विचारलं.

"काय माहीत. पोरीच त्या," रामहरी म्हणाला आणि कानाची लालभडक पाळी खाजवत राहिला. आत सगळ्यात मोठ्यानं त्याचीच लेक हसत होती.