मोरीतली सवारी

आमच्या शेजारचे अंबादासअण्णा कुणाकडेही गेले की आधी बैठकीत बसत नाहीत, मोरीत जातात. भिंतीवर बारकी करडी माशी दिसली की तिच्या तोंडावर बॅटरी मारून विचारतात, "कुठून बसलीस?"

अण्णांची सगळी नोकरी एसटीत तिकिटं तपासण्यात गेली. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. माणूस असो की माशी, त्यांच्या लेखी शीटच, म्हणजे गाडीतली सवारी. गेवराईत आमच्या गल्लीतली एकही मोरी त्यांनी सोडलेली नाही.

मध्यंतरी आमच्या न्हाणीत या माशा झाल्या. पुतणीला बघायला पाहुणे यायचे होते. मी ॲसिडची बाटली उघडली, तेवढ्यात अण्णा हजर.

"थांबा वैनी! आधी वळख पटू द्या. केळावरची चिलटं असली तर मोरीला काहून शिक्षा?"

मग भिंतीला नाक लावून म्हणाले, "पंख बघा, पत्त्यातला बदाम. अंगावर लव. बोट लावलं की राख. मोरीचीच शीट हाय. पर पुरावा पायजे."

पुरावा म्हणून त्यांनी मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावली, चिकट बाजू खाली. 'नाकाबंदी'! दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत न्हाणी बंद. आमचे हे नुसते हातपाय धुऊन कामावर गेले आणि जाताना अण्णांच्या दाराकडे बघून काहीतरी पुटपुटले.

सकाळी पट्टी उलटली, तर खाली माशा चिकटलेल्या.

"सापडल्या! सगळ्या इनातिकीट!" अण्णांचा चेहरा फुलला. "चावत न्हाईत बिचाऱ्या. साबणाचा मळ, डोक्याचं त्याल, केसं, यावर जगत्यात. माशी हाय म्हंजी घर नांदतंय, वैनी."

"नांदतंय ते मला माहीत आहे, धुणं मीच धुते," मी म्हटलं.

ॲसिड नको, ब्रशनं नळीतला चिकट गाळ खरवडा, हा उपाय मात्र त्यांचाच. त्याआधी भिंतीवरच्या चार-पाच माशा त्यांनी औषधाच्या बाटलीत धरून नेल्या. म्हणाले, "जादा तपासणीला." मला काय, गेल्या तेवढ्या कमी.

माशा गेल्या, पाहुणे आले, लग्न ठरलं. मी पुरणपोळ्या घेऊन अण्णांकडे गेले. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात, मुलगी वडवणीला दिलेली. अण्णा न्हाणीत उकिडवे बसून भिंतीवर बॅटरी फिरवत होते. फरशी कोरडी, एक तांब्या, साबणाची झिजलेली चकती. शेजारी ती औषधाची बाटली, उघडी आणि रिकामी.

"हितं सोडलत्या," ते म्हणाले. "एक बी टिकली न्हाई."

"अण्णा, लोक माशा घालवतात. तुम्ही आणून सोडता?"

"एका माणसाच्या आंघुळीवर त्यांचं भागत न्हाई." त्यांनी बॅटरी विझवली. "एका शिटावर गाडी सुटत न्हाई, वैनी."

मी डबा खाली ठेवला. "आमची टाकी धुवायला काढतेय. उद्यापासून दोन शिटं पाठवते आंघोळीला."

टाकी नुकतीच धुतलेली होती.

"घरात न्हाणी असताना?" आमचे हे ओरडले. मी त्यांच्या आणि दिरांच्या डोक्यावर तेल चोपडलं, हातात टॉवेल दिले आणि दार लावून घेतलं. आता दोघं रोज जातात, चहा पिऊनच परततात. टाकीचं काय झालं, हे अण्णांनी अजून विचारलेलं नाही.

परवा भाजी चिरत होते, तर भिंतीपलीकडून हाक आली, "वैनी! बसली! एक बसली!"

"तिकीट फाडा," मी म्हटलं.