मुख्य तळ हलवण्याबाबत

दंडकारण्य एअर या कंपनीकडे दोन विमाने होती. एक उडत असे आणि दुसरे त्याला सुटे भाग पुरवत असे. दोन्ही एकोणीस आसनांची. कंपनीची क्षमता अहवालात अडतीस आसने अशी नोंदवली जाई आणि त्यात खोटे काही नव्हते.

कंपनीचा मुख्य तळ रायपूर. प्रवासी घटत गेले, तेव्हा प्रश्न उभा राहिला : तळ नागपूरला हलवावा, की नागपूरच्या पूर्णा एअर या तितक्याच अडचणीतल्या कंपनीत विलीन व्हावे? रायपुरातल्या शंकर नगरच्या कार्यालयात यावर समिती नेमण्यात आली. अध्यक्ष यशवंतराव. ते सचिव म्हणून निवृत्त झाले होते. चाळीस वर्षांत त्यांच्या सहीने एकही गोष्ट घडली नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर एकही ठपका नव्हता. सदस्य-सचिव म्हणून काउंटरवरच्या शिफ्ट इन्चार्ज नीलिमा वासनिक यांना घेतले, कारण विमान आत्ता कुठे आहे, हे कंपनीत फक्त त्यांनाच माहीत असे.

नीलिमाचा या प्रश्नात एक स्वार्थ होता. तो तिने समितीला सांगितला नाही, म्हणून येथे सांगितला पाहिजे.

कर्मचाऱ्याच्या आईला वर्षातून एकदा मोफत विमानप्रवास मिळे. अट एवढीच, की कर्मचारी मुख्य तळावर नेमलेला असावा. तळ हलला की पास गेला. विलीनीकरण झाले की नियमावलीच गेली. नीलिमाची आई भीमाबाई दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाई, आगगाडीच्या जनरल डब्यातून. यंदा तिला विमानाने जायचे होते, आणि त्याचे कारण आराम हे नव्हते. तिचे यजमान हिरालाल रेल्वेत गँगमन होते. राजनांदगावच्या पट्ट्यात एकतीस वर्षे ते रुळांवरून चालले, हातोड्याने रूळ ठोकून पाहिले, आणि वारले.

"मले थे लाइन एकदा वरून पाहाची हाये," भीमाबाईने सांगितले होते. "तुया बाबा म्हणे का एकदम सरळ ठेवली हाये. खरं होतं का नाही, पाहून येतो."

"अन् वाकडी असली तं?"

"तं कोनाले सांगाचं नाही."

दसऱ्याला बावीस दिवस होते. म्हणजे समितीने बावीस दिवस काही ठरवू नये, एवढेच नीलिमाला हवे होते. एरवी त्यासाठी काही करावे लागले नसते. पण कंपनीने पुण्याहून ऋषिकेश नावाचा सल्लागार आणला होता आणि त्याला घाई होती. पहिल्याच बैठकीत त्याने चौऱ्याऐंशी स्लाइड दाखवून तिसरा पर्याय मांडला : तळ अभनपूरला न्यावा. अभनपूरला विमानतळ नाही, ही बाब त्याच्या तक्त्यात 'संधी' या रकान्यात होती. परवापर्यंत निर्णय घ्या, असे म्हणून तो खाली बसला.

नीलिमाने फाइल ओढली आणि यशवंतरावांच्या मातृभाषेत टिपणी लिहिली :

*प्रस्तावावर सर्व आठ विभागांचे अभिप्राय मागवावेत. अभिप्राय प्राप्त होईपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी. मान्यतेस्तव सादर.*

यशवंतरावांनी ती दोनदा वाचली. निवृत्तीनंतर कोणी त्यांच्याशी इतक्या मायेने बोलले नव्हते. त्यांनी सही केली.

*प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नऊ वाजून दहा मिनिटांनी नागपूरला जाणारे आपले विमान आज जाणार नाही. आपल्याला होणाऱ्या असुविधेबद्दल आम्ही आनंदी आहोत. क्षमस्व, दिलगीर आहोत.*

दुसऱ्या दिवशी सकाळी ही घोषणा ऐकून नीलिमा अध्यक्षांकडे धावली. यशवंतराव शांत होते. त्यांनी तिला आधी बसायला सांगितले, मग चहा सांगितला, मग विचारले, "मॅडम, मी सही केली त्या क्षणी विमान कुठे होतं?"

"इथंच होतं सर. जमिनीवर."

"मग ती परिस्थिती झाली. ते उडालं की परिस्थिती बदलली."

"पण सर, ते दुपारी परत येतं."

"येईल, हा अंदाज आहे. फाइलवर अंदाज चालत नाही."

विमान उभे राहिले. प्रवाशांना बोर्डिंग पास देऊन बसने पाठवण्यात येऊ लागले. दहा दिवसांनी ऋषिकेशने आकडे आणले. या काळात कंपनीचे एकही विमान उशिरा सुटले नव्हते. एकही बॅग हरवली नव्हती. हवेत धक्के बसल्याची एकही तक्रार नव्हती. कंपनीच्या इतिहासात असे दहा दिवस आले नव्हते आणि हे कोणामुळे झाले, यावर कार्यालयात तीन जणांनी आपापला दावा सांगितला.

इकडे नीलिमाने स्वतःच घातलेली गाठ सोडवायला घेतली. ती टेबला-टेबलावर जाऊन उभी राहिली आणि पाच दिवसांत सात विभागांचे अभिप्राय आणले. आठवा विभाग खानपानाचा. तो दोन वर्षांपूर्वी, विमानात सँडविच देणे थांबले तेव्हा, बंद झाला होता. यशवंतराव म्हणाले, हरकत नाही, विभाग पुन्हा सुरू करू, त्याचा अभिप्राय घेऊ, मग बंद करू. मात्र विभाग सुरू करण्यासाठी समिती लागेल.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना पूर्णा एअरचे पत्र आले. विलीनीकरणास त्यांची संमती होती, पण एक अट होती : दसऱ्याच्या मुहूर्तावर विमानाची पूजा करायची असल्याने विमान तोपर्यंत नागपुरात हजर पाहिजे. त्यांच्याकडे स्वतःचे विमान का नाही, असे कोणी विचारले नाही. आपल्याकडे आहे, या विचाराने सगळे सुखावले होते.

"तळही हलवू आणि विलीनही होऊ," यशवंतरावांनी निर्णय दिला. "दोन्ही गटांचं समाधान."

नीलिमाने विचारले की विमान उडणार नसेल तर नागपूरला पोहोचणार कसे? ऋषिकेशने एक नवी स्लाइड लावली. तीत ट्रेलर होता. लांब, बत्तीस चाकांचा. विमान त्यावर ठेवले तरी ते जमिनीवरच राहील. परिस्थिती जैसे थे. पंख काढून मागच्या दुसऱ्या ट्रेलरवर ठेवता येतील. एकच अडचण होती. रिकामे विमान नेले, तर ते स्थलांतर ठरते आणि त्यासाठी परवानगी लागते. प्रवासी बसवून नेले, तर ती नियमित सेवा ठरते.

तेव्हा तिकिटे विक्रीला काढण्यात आली. अठरा आसने दीड तासात संपली.

एकोणिसावे आसन पासावरचे होते. तळ हलेपर्यंत तळ रायपूरच होता, म्हणून पास चालत होता. नीलिमाने घरी जाऊन आईला खरे ते सांगितले.

"हे उडणार नाही, आई. रस्त्यानं जाऊन राहिलं."

"काहून?"

नीलिमाने सगळे सांगितले. आपण लिहिलेली टिपणीही सांगितली. भीमाबाईने बॅग काढली. "रेल्वेवाल्याच्या घरात पास वाया नाही जात," ती म्हणाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी विमान सुटले. वेळेवर. नीलिमा सदस्य-सचिव म्हणून फाइल घेऊन कर्मचाऱ्यांच्या घडीच्या आसनावर बसली होती. हवाई सुंदरीने आणीबाणीचे दरवाजे दाखवले. त्यातल्या एकातून भाजीवाला पेरू विकत होता. कॅप्टन विराज टोपी घालून कॉकपिटमध्ये बसले होते. समोर ट्रेलरच्या केबिनची पाठ दिसत होती, पण त्यांनी दोन्ही हात यंत्रांवर ठेवले होते. "देवियो और सज्जनो," त्यांनी घोषणा केली, "हम इस समय ज़मीन से सात फ़ुट की ऊँचाई पर हैं. बाहर मौसम साफ़ है."

प्रवाशांनी दोन गोष्टींवरून भांडण काढले. सदर बाजारातल्या एका सराफाला खिडकी मिळाली होती आणि त्याच्या शेजाऱ्याला नव्हती, ही एक. दुसरी, पाणी मोफत आहे की नाही. टोलनाक्यावर तिथल्या माणसाने विमानाला एक पूर्ण फेरी मारली आणि नीलिमाला विचारले, "दीदी, ये जा रहा है कि आ रहा है?" खरे उत्तर देण्यासाठी तिला फाइल पाहावी लागली असती.

राजनांदगाव मागे पडल्यावर रस्ता एका रेल्वे पुलाखालून जात होता. विमानाचे नाक पुलाखाली गेले, शेपूट गेले नाही. ट्रेलर थांबला. तांत्रिक कारणामुळे विलंब होत असल्याची घोषणा झाली. शेपूट कापायचे, तर यशवंतरावांची मंजुरी हवी होती. यशवंतरावांनी फोनवर सांगितले की प्रस्ताव पाठवा.

दोन तास झाले. भीमाबाईने खिडकीतून वर पाहिले आणि पट्टा सोडला. हवाई सुंदरी म्हणाली, माताजी, पट्टे बांधून ठेवण्याची खूण चालू आहे.

"चालू राहू दे न," भीमाबाई म्हणाली. "हा हिच्या बाबाच्या हद्दीतला पूल हाये. हे शेपूट रात्रभर निघत नाही, मले माईत हाये." मग नीलिमाकडे वळून : "पोरी, स्टेशनसाठी ऑटो पाहून दे. पाचच्या गाडीनं जातो."

नीलिमाने इतरांना विचारले, आणखी कोणाला उतरायचे आहे का? सराफ म्हणाला, मेरी तो खिड़की है, मैं क्यों उतरूँ? एका वकिलाने समजावले की मध्येच उतरलेल्याला 'गैरहजर' धरतात आणि मग त्याचा काही हक्क राहत नाही. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिले. सगळे बसलेले होते, तेव्हा तेही बसले.

पाचची गाडी जरा उशिरा पुलावरून गेली. थोड्या वेळाने नीलिमाचा फोन वाजला. गर्दीच्या आवाजातून आई ओरडून बोलत होती, पण खुशीत होती.

"पाहिली व. दरवाज्यात उभी होती मी. सरळ हाये."

"डब्यातून कसं समजलं तुले?"

"तुमी खाली आडवे पडून होते न. त्या आडव्यावरून समजलं." मग तिने विचारले, की एवढे लोक आत काय करून राहिले?

तोवर मागे अडकलेल्या गाड्यांची रांग पार राजनांदगावपर्यंत गेली होती. रांगेतली माणसे उतरून येत, विमानाचा फोटो काढत, या देशाचं काही खरं नाही, असे म्हणत आणि परत जात. त्यात एक सद्गृहस्थ होते. ते बराच वेळ मान हलवत उभे राहिले, पोटभर हसले, व्हिडिओ काढून तीन ग्रुपवर पाठवला. मग आवाज खाली आणून त्यांनी नीलिमाला विचारले, "मॅडम, हे पुढच्या महिन्यात पण आहे का? दोन सीट पाहिजे होत्या. खिडकीच्या."

वाचकहो, तिने तुमचे नाव लिहून घेतले आहे.